डोक्यातला दाब आणि मेडिकलवरची गोळी



वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांत संध्याकाळचे ग्रंथवाचन सुरू होते आणि त्याच दिवसांत वस्त्यांत तापही सुरू होतात. गोदावरी चढली की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी कमरेला आले की छातीला, यावर पुराचा अंदाज बांधतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर सगळ्यांना आठवत असतील. नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या घरांत मात्र मारुतीकडे बघायला कोणाला सवड नसते. पीठ, गॅसची टाकी आणि मुलांची पुस्तके उंचावर ठेवायची घाई असते. पाणी ओसरले की चिखल उपसायचा, आणि मग आठवडाभराने घरात कोणीतरी फणफणते.

अशा वेळी दवाखान्यातून किंवा थेट मेडिकलवरून एक गोळी किंवा कॅप्सूल हमखास मिळते. तिचे नाव डॉक्सीसायक्लिन. हीच कॅप्सूल तोंडावरच्या मुरुमांसाठीही दिली जाते. स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिच्याबद्दल, आणि तिच्यासारख्या आणखी तीन-चार औषधांबद्दल, एक गोष्ट वस्तीत कोणी सांगत नाही: क्वचित कोणाच्या तरी बाबतीत या औषधाने कवटीच्या आतला दाब वाढतो आणि वेळेवर लक्षात आले नाही तर नजर जाते. या महिन्यात आम्ही त्यावर लिहीत आहोत.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा लेख वाचून कोणी चालू गोळी कचऱ्यात टाकू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतून पुराच्या पाण्यात येतात आणि भेगाळलेल्या पायांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर हा आजार पसरला. तेव्हापासून मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगत आली आहे की जे गुडघाभर पाण्यातून चालले त्यांनी डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन घ्यावी. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचा ताप आला, तिथेही मुख्य औषध हेच होते. आपल्यातले कितीतरी लोक सफाई कामात आहेत, गटारात आणि चेंबरवर उभे असतात. त्यांच्यासाठी ही कॅप्सूल म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट आहे. एक-दोन दिवसांच्या डोसाने डोक्यातला दाब वाढण्याची भीती जवळजवळ नसतेच. अडचण येते ती आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने कोणाच्याही देखरेखीशिवाय गोळी घेत राहण्यात.

कवटीच्या आत काय असते

डोक्यातला दाब म्हटले की आमच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, “म्हणजे बीपी का, ताई?” नाही. बीपी म्हणजे रक्तवाहिन्यांमधला रक्ताचा दाब, दंडाला पट्टा बांधून मोजतात तो. आपण बोलतोय तो दाब वेगळा आहे. बीपी अगदी व्यवस्थित असलेल्या माणसाच्या कवटीतही तो वाढू शकतो.

कवटी हा हाडाचा बंद डबा. मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण १४०० ग्रॅम मेंदू, थोडे रक्त आणि एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव असतो. हा द्रव मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात खेळत असतो, मेंदूला धक्क्यांपासून जपतो. कोणत्याही वेळी तो १५० मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे चहाच्या दोन कटिंगएवढा. पण दिवसभरात तो तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा सगळे पाणी बदलते. जेवढे तयार होते तेवढेच शिरांमध्ये परत शोषले जाते, म्हणून पातळी टिकते. मोरीचा नळ चालू आहे आणि खालची जाळीही मोकळी आहे, तोवर मोरी तुंबत नाही. जाळीत काही अडकले की पाणी चढते. डबा हाडाचा असल्यामुळे पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. बंद डब्याचा हा नियम एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो या डॉक्टरांनी १७८३ सालीच सांगून ठेवला होता.

आता डोळ्याचा संबंध. डोळ्याच्या पडद्यामागून निघून मेंदूकडे जाणारी जी नस आहे, तिच्याभोवती याच पाण्याचे आवरण असते. आत दाब वाढला की तो नसेवर पडतो आणि नसेचे तोंड सुजते. ही सूज बाहेरून दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, चिकटत नाही. आरशात बघून काहीही कळत नाही. डॉक्टर बाहुलीतून आत उजेड टाकून पडदा बघतात तेव्हाच ती दिसते.

हा आजार डॉक्टरांना नवीन नाही. १८९१ साली जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी कण्यातून पाणी काढून दाब मोजण्याची पद्धत आणली आणि गाठ नसतानाही दाब वाढलेले रुग्ण त्यांना दिसले. पुढे बराच काळ या आजाराला ‘सौम्य’ असे विशेषण लावले जात होते, कारण कॅन्सरची गाठ नाही म्हणून. नजर गेलेल्या माणसाला विचारा, सौम्य काय आहे त्यात. आता ते विशेषण टाळतात.

हा त्रास बहुतेक वेळा कोणत्याही औषधाशिवाय होतो. वर्षाला लाखात एखाद्याला. पण वयात आलेल्या मुली आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रिया, त्यातही ज्यांचे वजन अलीकडे वाढले आहे, त्यांच्यात तो कितीतरी पटीने जास्त दिसतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १६५ रुग्ण होते; त्यातले पुरुष फक्त ४. अंगात रक्त कमी असणे हेही एक कारण म्हणून नोंदलेले आहे, आणि आपल्या वस्त्यांत कोणत्या घरात रक्त कमी असलेली बाई नाही? अशा शरीरात आधीच थोडी अडचण असते, त्यावर औषधाची भर पडते.

गोरेपणापासून सुरू होणारी साखळी

औषधांची यादी करून मोकळे व्हायला आम्हाला हरकत नव्हती. पण वस्तीत हे औषध पोटात जाते ते कसे, हे सांगितल्याशिवाय यादीला अर्थ नाही.

सुरुवात बहुतेक वेळा एका छोट्या ट्यूबने होते. मुलगी सावळी आहे, लग्नाचे बघायचे आहे, कोणी मावशी किंवा पार्लरवाली सांगते की अमुक क्रीम लाव, पंधरा दिवसांत उजळशील. क्रीममध्ये स्टिरॉइड असते. खरेच पंधरा दिवस चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात जळजळते, लालसर होते, आणि बंद केली की मुरुमांचे पीक येते. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे.

आता मुरुमांवर औषध हवे. मेडिकलवाला डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन काढून देतो, “रोज एक घे, संपली की ये.” मुलगी दोन-दोन, तीन-तीन महिने घेते. ही दोन्ही टेट्रासायक्लिन गटातली औषधे. डोक्यातला दाब वाढवणाऱ्या औषधांमध्ये हा गट वरच्या नंबरावर आहे. कवटीतले पाणी शोषून घेण्याची जी वाट, तिच्यात ती अडथळा आणतात असे मानले जाते. त्रास सुरू व्हायला कधी काही दिवस लागतात, बऱ्याचदा काही आठवडे, क्वचित त्याहून जास्त.

गोळीने मुरुम आटोक्यात आले नाहीत तर पुढची पायरी आयसोट्रेटिनॉइन. हे व्हिटॅमिन ए च्या कुळातले जोरदार औषध आहे. त्वचेच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, ते चांगले काम करते. पण तेही डोक्यातला दाब वाढवू शकते. आणि डॉक्सीसायक्लिन व आयसोट्रेटिनॉइन एकत्र तर मुळीच घ्यायची नसतात. एका चिठ्ठीवरची एक आणि दुसऱ्या चिठ्ठीवरची दुसरी अशा दोन्ही गोळ्या एकाच वेळी चालू असलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. दोन्हीकडे कोणी विचारले नव्हते की आणखी काय चालू आहे.

आयसोट्रेटिनॉइनबद्दल आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्या कुठेच सांगितल्या जात नाहीत. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येते. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने हे ध्यानात ठेवायलाच हवे. दुसरे, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. ही गोळी घेणाऱ्याने तेव्हा रक्त देऊ नये, बंद केल्यावर एक महिना थांबावे. ते रक्त गरोदर बाईला चढले तर तिच्या बाळाला धोका असतो. शिबिराच्या टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरुण मुलामुलींना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला: हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. इथे साखळीचे पहिले कडे आपल्या घरात आहे. रंगावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली, काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली उभे राहिलो ते याच शहरात. आणि आपल्याच वधू-वर सूचकांच्या पानांवर अजून ‘गोरी, सडपातळ’ छापून येते. संपादक मंडळाने रागावू नये. पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

जीवनसत्त्वाचा अतिरेक आणि स्टिरॉइडची घाई

व्हिटॅमिन ए खुद्द जास्त झाले तरी हाच त्रास होतो. १५९६-९७ च्या हिवाळ्यात आर्क्टिकमध्ये अडकलेल्या डच खलाशांनी अस्वलाचे काळीज शिजवून खाल्ले. ते आजारी पडले, तिघे तर फारच, आणि त्यांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. पांढऱ्या अस्वलाच्या काळजात व्हिटॅमिन ए प्रचंड असते, हे कळायला पुढे तीनशेहून जास्त वर्षे लागली. हे वाचून घरातली कलेजी बंद करू नका. बकऱ्याची कलेजी आठवड्यातून एखाद्या वेळी खाल्ली तर रक्ताला चांगलीच आहे. फक्त गरोदर बाईने ती वारंवार आणि भरपूर खाऊ नये. गाजर, शेवगा, मेथी यांतून कितीही मिळाले तरी असे विष होत नाही. त्रास होतो तो गोळ्या आणि कॅप्सूल मनाने महिनोन्‌महिने घेण्याने. ‘केस गळतात’, ‘कातडी कोरडी आहे’ म्हणून बऱ्याच जणी घेतात.

मुलांना अंगणवाडीत व्हिटॅमिन ए चा डोस पाजतात तो मात्र जरूर द्यावा. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत. त्याने अंधत्व टळते. एखाद्या तान्ह्या बाळाची टाळू डोसानंतर दिवसभर किंचित फुगल्यासारखी दिसते किंवा उलटी होते, आणि एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. टाळू फुगलेली आहे आणि बाळ तापले आहे, सुस्त आहे, दूध ओढत नाही, तर ते डोसामुळे आहे म्हणून बसू नका, लगेच न्या. डोस कार्डावर लिहून घ्यायचा, म्हणजे गावी आजीकडे गेल्यावर पुन्हा दुसरा पाजला जाणार नाही.

स्टिरॉइडची गोष्ट उलटी आहे. त्यात त्रास होतो तो बऱ्याचदा औषध अचानक सोडल्याने. दम्यासाठी, किडनीच्या सुजेसाठी, सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने चालू असते. पैसे संपतात किंवा बरे वाटते, आणि गोळी एका दिवसात बंद होते. लहान मुलांत अशा वेळी डोक्यातला दाब वाढल्याचे दिसून आलेले आहे, शिवाय एकाएकी बंद केल्याने इतरही जिवावरचे धोके असतात. स्टिरॉइड पायरीपायरीने उतरवायचे असते, गच्चीवरून उडी मारायची नसते. कठीण हे आहे की आपल्या लोकांना स्टिरॉइड चालू आहे हेच माहीत नसते. ‘ताकदीची गोळी’, ‘अंगावर मांस चढायची गोळी’, गुडघेदुखीची कागदात बांधलेली पुडी, यांत डेक्सामिथासोन किंवा बीटामेथासोन असू शकते. चेहरा गोल होणे, अचानक भूक आणि वजन वाढणे या त्याच्या खुणा. पंप ओढणाऱ्या दमेकऱ्यांनी मात्र घाबरू नये, पंपातला डोस फार थोडा असतो.

लिथियम ही मानसिक आजाराची गोळी आणि मुलांच्या वाढीसाठीचे हार्मोन यांचीही नोंद या यादीत आहे. ती सहसा तज्ज्ञांकडूनच मिळतात, म्हणून अधिक लिहीत नाही.

‘पित्त झालंय’

वस्तीत डोकेदुखी आणि उलटीला एकच नाव आहे, पित्त. उलटी झाली की बरे वाटते, एक पित्ताची गोळी, कपाळाला बाम, ओढणी घट्ट बांधून झोप. दाब वाढलेल्या माणसालाही डोकेदुखी आणि उलटीच होते, म्हणून महिना-दोन महिने सहज निघून जातात. दुसरा मुक्काम चष्म्याचे दुकान. तिसरा, सांगायला लाज वाटते पण अजूनही काही घरांत, नजर उतरवणे आणि बाहेरचे बघणे. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात देवऋषी येतो तेव्हा त्याचा दक्षिणेचा खर्च तरी मोजा, तेवढ्यात डोळ्याचा पडदा दोनदा तपासून होतो.

पित्तापेक्षा वेगळे काय असते ते नीट बघा. हे दुखणे सकाळी उठताना जास्त असते. आडवे झाले, वाकून झाडू मारला, खोकला आला, संडासात जोर केला की वाढते. मान आणि खांदे भरून येतात. कानात, विशेषतः रात्री शांततेत, नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं असा आवाज येतो, जणू नळाला पाणी आले आहे. वाकून उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे काळे किंवा राखाडी पडते आणि परत साफ होते. बाया म्हणतात ‘अशक्तपणाने अंधारी आली’. काहींना दूरचे एकाचे दोन दिसते, शेजारी-शेजारी.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की मधली नजर बराच काळ शाबूत राहते. आधी बाजूची नजर जाते. त्यामुळे भिंतीवरची अक्षरे माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि चष्मेवाला सांगतो, नंबर नाही. पण तीच मुलगी दाराच्या चौकटीला खांदा आपटते, बाजूने आलेली रिक्षा तिला दिसत नाही, ताटातला शेजारचा पेला सांडतो. घरात अशी धडपड नव्याने सुरू झाली असेल तर तिला वेंधळी म्हणून ओरडू नका.

अशीच एकोणीस वर्षांची एक मुलगी आमच्या आरोग्य बैठकीत आली होती. मुरुमांसाठी कॅप्सूल तीन महिने, चिठ्ठी नव्हती. डोकेदुखी दोन महिने. एका दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन, दुसऱ्यात वेदनाशामक, तिसऱ्यात ‘परीक्षेचे टेन्शन’. पट्टी कापून चार-चार गोळ्या दिल्यामुळे कॅप्सूलचे नावही तिच्याकडे नव्हते. तिच्या धाकट्या भावाने कंपासपेटीत जपून ठेवलेला चकचकीत तुकडा आणला, त्यावर अर्धे नाव होते. तेवढ्यावरून कळले. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, दोन्ही नसा सुजलेल्या. आज तिची डोकेदुखी गेली आहे. डाव्या डोळ्याची बाजूची नजर पूर्ण परत आली नाही.

दवाखान्यात काय होते

आमचा अनुभव असा की पहिले पाऊल डोळ्याच्या डॉक्टरकडे टाकावे, आणि स्पष्ट शब्दांत सांगावे: “थेंब टाकून पडदा तपासा, नसेला सूज आहे का बघा.” जिल्हा रुग्णालयात, त्र्यंबक रोडला, ही तपासणी होते. थेंबांमुळे चार-पाच तास जवळचे अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. बीपीही मोजून घ्या, कारण बीपी फार चढले तरी अशी सूज येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

सूज दिसली की डोक्याचा स्कॅन करतात, शक्यतो एमआरआय आणि त्याबरोबर मेंदूच्या शिरांचे चित्र. हे टाळू नका. कारण दाब वाढण्यामागे गोळीच असेल असे नाही. गाठ असू शकते, मेंदूच्या आवरणाचा टीबी असू शकतो, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ही गुठळी बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत विशेष होते. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, ते तर अजिबात करू नये. शरीर सुकले की रक्त घट्ट होते. बाळंतिणीचे डोके फुटेस्तोवर दुखत असेल तर ‘बाळंतवारा’ म्हणून शेक देत बसू नका.

स्कॅन ठीक असेल तर पाठीच्या कण्यातून पाणी काढून दाब मोजतात. इथे घरचे लोक सही करायला मागेपुढे बघतात, कारण वस्तीत ठाम समज आहे की पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो. वॉर्डात काम करताना या एका भीतीने कितीजण घरी निघून गेलेले आम्ही पाहिले आहेत. शरीररचना समजून घ्या: मेरुरज्जू कमरेच्या वरच बेंबीच्या थोडा वर संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, जिथे नुसते पाणी आणि सुट्या नसा असतात. सुई लागताना दुखते, नंतर दोन-चार दिवस बसल्यावर डोके दुखू शकते. झोपलेल्या स्थितीत मोजलेला दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर तो मोठ्या माणसात वाढलेला समजतात.

कारणीभूत औषध डॉक्टरांच्या सांगण्याने बंद झाले की बऱ्याच जणांत दाब काही आठवड्यांत उतरतो. हे प्रतीत्यसमुत्पादाचे उदाहरण म्हणून विहारात सांगायला हरकत नाही. सोबत ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात, तिने पाणी तयार होण्याचे प्रमाण कमी होते. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते, लघवी वाढते. घाबरून सोडू नका, पण सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवणे हेही इथे औषधच आहे. नजर झपाट्याने जात असेल तर ऑपरेशन करून पाण्याला वाट काढून देतात किंवा डोळ्याच्या नसेचे आवरण मोकळे करतात. डोकेदुखी थांबली म्हणून पुढच्या तारखा चुकवू नका. सूज उतरली की नाही आणि बाजूची नजर किती आहे हे मशीनवर परत परत बघावे लागते. आणि ज्याला एकदा टेट्रासायक्लिन गटाने त्रास झाला त्याने ते नाव कार्डावर लाल शाईने लिहून ठेवावे, पुन्हा कधीही कोणत्याही डॉक्टरला आधी ते दाखवावे.

थांबायला वेळ नसतो अशा काही गोष्टी: डोकेदुखीबरोबर ताप आणि ताठ मान, फिट येणे, एक बाजू लुळी पडणे, गुंगी, किंवा एकाएकी दिसेनासे होणे. यात ओपीडीची वेळ बघू नका, १०८ ला फोन करा.

चिठ्ठी, पट्टी आणि तक्रार

औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नव्हे. ही रेघ ओळखण्याची मोहीम सरकारने २०१६ मध्ये सुरू केली होती, पण वस्तीत दहा जणांना विचारा, कितीजण सांगतील? चार गोळ्या घ्या किंवा दहा, पट्टीचा नाव असलेला भाग मागून घ्या आणि बिल मागा. पुडीतली सुटी गोळी देणाऱ्या डॉक्टरला नाव लिहून द्यायला सांगा. राग आला तर येऊ द्या. कालामांना तथागतांनी सांगितले होते की कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मान्य करू नका. मेडिकलवाला त्यातून सुटत नाही, आणि आम्हीही.

डॉक्सीसायक्लिन रीतसर दिलेली असेल तर ती पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिच्या काळात उन्हाने कातडी लवकर भाजते. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत, दुसरे औषध असते. म्हणून घरात आणलेले एक पाकीट सगळ्यांत वाटून घेऊ नका.

औषधाने त्रास झाला तर तो कळवण्याची सोय आपल्या देशात आहे आणि ती फक्त डॉक्टरांसाठी नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालतो. त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी चालू असतो. रुग्ण किंवा घरचे कोणीही फोन करू शकतात. वस्तीतल्या माणसाच्या त्रासाची नोंद कुठेच नसते, म्हणून तो त्रास झालाच नाही असे धरले जाते. कोणते औषध, किती दिवस, काय त्रास, कधी सुरू झाला, बंद केल्यावर काय झाले, एवढे कागदावर लिहून मग फोन लावा. पट्टी हातात असू द्या, तिच्यावरचा बॅच नंबर विचारतात.